कोणती बॅटरी

सदतीस पॉइंट पाच. धुरपदाबाईला आकडे वाचता येत नाहीत, पण मशीनवरचा हा लाल आकडा ती माणसाच्या तोंडवळ्यासारखा ओळखते. त्यातला मधला सात थेट कोयत्यासारखा.

"आता हे ऊन आत भरून ठेवलं म्हणता. रातभर राहून आंबत न्हाई का ते?" भिंतीवरच्या पेटीकडं बोट करून तिनं विचारलं होतं.

एक कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको. ऊसतोडीच्या टोळीत असंच मोजतात. एकटा बाप्या आला तर तो अर्धा कोयता.

कांद्याच्या टोपलीमागं एक बॅटरी जळत होती. बाहेर इतकं लख्ख ऊन पडलं होतं की तिचा उजेड तिला स्वतःलाही दिसत नसेल.

ऑक्टोबरात अठ्ठ्याऐंशी अंडी. पिलू एकही नाही.

खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते. दाणे टिपते, पाणी पिते आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी पळत परत येते.

*

एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा राजेश्री उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा ओढत होती. परभणीला जाऊन पिलांचं खाद्य आणि ऊब देणारे बल्ब आणायचे होते. पिशवी काखेत, केसांतली पिन दातांत, अशी ती फाटकापर्यंत पळाली आणि तिथून मागं वळून ओरडली, "आत्या, बॅटरी चालूच राहिली बगा, तेवढी बंद करा. आन् काय बी झालं तरी मशीनचं झाकण उघडू नका."

धुरपदाबाई दारातच उभी राहिली. सून आपल्याला बॅटरी बंद करायला सांगून गेली, हे तिला दोनदा मनात म्हणावं लागलं, तेव्हा कुठं पटलं.

कारण एकोणीस दिवस भिंतीवरच्या बॅटरीच्या त्या पेटीला तिला कुणी हात लावू दिला नव्हता. झरीचा शिवप्रसाद दोन दिवस खपून पत्र्यावर काळ्या काचा चढवून गेला, आतल्या खोलीत भिंतीवर ही पांढरी पेटी ठोकून गेला. जाताना तो राजेश्रीला सगळं समजावत होता आणि धुरपदाबाई शेजारी बसून एकामागून एक प्रश्न विचारत होती. हिला पाणी पाजायचं का? उंदीर कुरतडतील का? उन्हाची साठवण आंबत नाही का? शिवप्रसाद हसून हसून बेजार झाला. तो म्हणाला, "आजी, हिला काय बी लागत न्हाई. दिवसा ऊन खाती, लाइट गेली की वकती. तुमी फकस्त बगत बसा." तेव्हापासून ती बघतच बसली होती. पहिल्या दिवशी हळदकुंकू लावलं, तेही राजेश्रीनं नंतर ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

आज हुकूम मिळाला होता. धुरपदाबाईनं हात धुतले. पदराला पुसले. हिरव्या दिव्याखालचं बटण राजेश्री दाबते तसंच दाबून धरलं. पेटीनं टक् असा आवाज केला आणि हिरवा दिवा विझला. मशीन मात्र चालूच होतं, आतला पंखा घुर्र करत होता, लाल आकडा जागच्या जागी होता. लाइट होती ना. बरोबरच आहे, तिनं मनाशी जुळवलं, लाइट असताना साठवणीला कशाला हात लावायचा? चौतीस हंगाम उसाच्या फडात काढले तिनं. पाचटाच्या कोपीतल्या, उन्हावर चालणाऱ्या कंदिलाचं बटण उजाडायच्या आत बंद केलं नाही तर तिन्हीसांजेला चूल चाचपडत पेटवावी लागते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सून शहाणी आहे, असं ती मशीनकडं बघून म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत ज्वारी निवडायला बसली.

*

मशीन म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. पुढं काच, आत जाळीवर एक्क्याऐंशी अंडी. एकवीस दिवस आतली ऊब जराही हलता कामा नये. ऑक्टोबरात ती हलली होती. अठरावीस दिवस सगळं नीट चाललं आणि ऐन शेवटाला नऊ तास लाइट गेली. राजेश्रीनं घराच्या मागं बसून एकेक अंडं फोडून पाहिलं होतं. चोच आलेली, पिसं आलेली, डोळे मिटलेले. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी. ती रडली नाही. तिनं खड्डा केला, माती ओढली आणि दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बायकांकडं जाऊन बॅटरीचं काय ते विचारून आली.

तोवर दसरा होऊन गेला होता. टोळ्या निघाल्या. धुरपदाबाईचे गुडघे गेल्या हंगामातच संपले होते, त्यामुळं ती घरी. राजेश्री मशीनपाशी. राजेश्रीचा नवरा माऊली एकटा सांगलीकडच्या फडात गेला, अर्धा कोयता म्हणून, दुसऱ्या एका एकट्या गड्याच्या जोडीला. जाताना नवराबायकोचं ठरलं ते धुरपदाबाईसमोरच ठरलं. ही खेप बसली, म्हणजे पिलं निघाली, तर राजेश्री घरी राहील, या साली आणि पुढंही. हीही गेली तर शनिवारी मुकादमाची गाडी येईल तिच्यात बसून तिनं फडात यायचं, कोयता पुरा करायला. शनिवार म्हणजे बरोबर एकविसावा दिवस.

राजेश्री त्यावर "बरं" एवढंच म्हणाली होती. पण आठ दिवसांमागं तिनं अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं, आतली लाल शीर सासूला दाखवली, आणि शीर हलली तेव्हा दोघींनी एकमेकींचे दंड धरले. तेव्हापासून ती दिवसातून दोनचारदा तरी बॅटरी घेऊन काचेशी जायची. अगदी आज पहाटेसुद्धा.

*

पावणेबाराला शेजारची कुसुमबाई मोबाइल आणि चार्जर घेऊन आली. लाइट गेली की आता अर्धी आळी याच घरात चार्जर खोचायला यायची, आणि धुरपदाबाई दर वेळी ते बोलणं नव्यानं ऐकवायची.

"गेली का लाइट?" ती सुपावरून मान वर न करता म्हणाली. "आमाला कळत बी न्हाई बग. गेली काय, आली काय. आमचं आपलं चालूच."

"दहाला गेलीय," कुसुमबाई म्हणाली. "तारा वढायलेत म्हणं फाट्याला." तिनं खोचलं, काढलं, परत खोचलं. "पर तुमच्यात बी न्हाई की."

"असं कसं? नीट खोच."

"नीटच खोचलं. आन् वैनी, तुमच्या मशीनचा आवाज कुठं येतोय?"

सूप कलंडलं. ज्वारी खोलीभर पसरली. धुरपदाबाई गुडघ्यांचं विसरून उठली. काचेच्या आत अंधार होता. तिच्या ओळखीचा तो लाल तोंडवळा कुठंच नव्हता.

थंडी अशी की दुपार झाली तरी पत्र्याच्या घरात फरशी पायाला चावत होती. तिनं हाताशी आलेली वाकळ ओढली आणि मशीनवर टाकली, कडा खोचल्या, जसं लेकराला खोचतात. मग हात झाकणावर गेला. गार झालेलं अंडं पापणीला लावलं की आतला जीव कळतो, हे तिच्या आईनं शिकवलेलं. बोटं शिवशिवली. पण झाकण उघडू नका म्हणून गेली होती ती. धुरपदाबाईनं हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं तो मनगटाशी धरून ठेवला.

"फोन लाव," ती कुसुमबाईला म्हणाली.

राजेश्री खाद्याच्या दुकानात होती. मागं कुणीतरी पोती टाकत होतं. कुसुमबाईनं फोन मोठ्या आवाजावर करून धुरपदाबाईच्या तोंडाशी धरला.

"मशीनचा आकडा गेलाय," धुरपदाबाई म्हणाली.

"लाइट गेली असंल आत्या. बॅटरीवर चालतंय की ते."

"बॅटरी तू बंद करायला लावलीस."

पोत्यांचा आवाज मागं पडला; ती दुकानाबाहेर आली होती.

"मी?" राजेश्री म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. "आत्या, हातातली. अंडी बगायची बॅटरी. टोपलीपाशी ठिवली होती, ती."

"मग हातातली म्हणायचं की गं माय."

"किती येळ झाला?"

"दहाला गेली म्हणती कुसुम. आता पावणेबारा."

मग सुनेचा आवाज आला तो एकदम खालच्या पट्टीतला, नवीन सुनेला शेवया वळायला शिकवावं तसा. झाकण उघडलं का? नाही. बरं केलं. वाकळ टाकली असेल तर काढा, भोकं बुजली तर आत गुदमरतील. आता पेटीपाशी जा. हिरव्या दिव्याखालचं बटण दाबा आणि धरून ठेवा. सोडू नका. पाच मोजा.

धुरपदाबाईनं बटण दाबलं आणि मोळ्या मोजतात तसं, एकाला लाभ म्हणत, मोठ्यानं मोजलं. "लाभ. दोन. तीन. चार. पाच."

टक्.

हिरवा दिवा लागला. दोन श्वास काही झालं नाही, आणि मग मशीनमधला पंखा घुर्र करून फिरायला लागला. काचेमागं आकडा उगवला. धुरपदाबाईनं तो पाहिला, पण तो तिचा आकडा नव्हता.

"चोवीस," कुसुमबाईनं वाचून सांगितलं.

"चोवीस चालतंय," फोनमधून राजेश्री म्हणाली. "वर येईल. बगत ऱ्हावा. मी निघाले."

मग दोघी मशीनपुढं मांडी घालून बसल्या. कुसुमबाई वाचायची, धुरपदाबाई ऐकायची. सत्तावीस. एकोणतीस. एकतिसाला बराच वेळ घुटमळलं, तेव्हा धुरपदाबाईनं पेटीला शिव्या घातल्या आणि लगेच कान धरले. बाहेर ऊन तापत होतं आणि पत्र्यावरच्या काचा ते ओढून घेत होत्या, आणि पेटी ते मशीनला पाजत होती, आणि हे सगळं एका बोटाच्या दाबानं बंद पडलं होतं आणि एका बोटाच्या दाबानं चालू झालं होतं. चौतीस वर्षांत तिनं किती ऊस तोडला असेल? तेवढा ऊस मिळूनही एवढी हिकमत तिच्या हातातून कधी झाली नव्हती.

तिला आधी कोयता दिसला. मग ठिपका. मग पाच.

"आला," ती म्हणाली. "तू वाचू नको. आला."

*

राजेश्री तीनच्या एसटीनं आली. तिनं आधी आकडा पाहिला, काचेला कान लावला, मग टोपली सरकवली. मागं बॅटरी पडलेली होती, उंदराच्या डोळ्याएवढी मिणमिणत. तिनं ती उचलून सासूपुढं धरली.

"ही बॅटरी आत्या."

"अगं पर हिलाच बॅटरी म्हणत्यात. शंभर साल झालं हिलाच बॅटरी म्हणत्यात. तू त्या पेटीला बी बॅटरीच म्हणलीस, तर माणसानं काय समजावं?"

राजेश्रीनं ओठ दाबले, पण हसू फुटलंच. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दस्तीनं टिपलं. "चुकी माजी हाय. मग तिला काय म्हणायचं?"

"खुडूक," धुरपदाबाई म्हणाली. "अंड्यावर बसती ती खुडूक."

त्या दिवसापासून भिंतीवरच्या पेटीचं नाव खुडूक पडलं. आळीतल्या बायकाही म्हणायला लागल्या, खुडूकीला चार्जर लावायचाय. पण एक्क्याऐंशी अंड्यांत काही जिवंत उरलंय का, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. राजेश्रीनं बॅटरी खिळ्याला टांगली आणि परत अंड्यांवर धरली नाही.

*

विसावा दिवस गेला. आवाज नाही.

एकविसाव्या दिवशी अकरा वाजता आबासाहेब मुकादमाची पिकअप फाटकाशी थांबली. मागं आधीच दोन बायका, एक म्हातारा, भांड्यांची गाठोडी. राजेश्रीची कपड्यांची पेटी भरून उंबऱ्याशी ठेवलेली होती. तिनंच भरली होती, पहाटे.

आबासाहेब माणूस वाईट नव्हता. चहा घेताना त्यानं सगळं सरळच सांगितलं. माऊलीच्या जोडीचा गडी परवा गावाकडं निघून गेला. तोडणारा हाय तर मोळ्या बांधणारं न्हाई. टोळीत अर्धा कोयता किती दिवस खपवून घेतील? इथून चारला निघावं लागंल.

"खेप बसली तर?" राजेश्रीनं विचारलं.

"बसली का?"

राजेश्रीनं काचेकडं पाहिलं. ऊब घसरलेली अंडी उशिरा फुटतात, एवढं तिला बचत गटाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. किती उशिरा, ते सांगितलं नव्हतं.

बारा वाजले. धुरपदाबाई मशीनला कान लावून बसली होती, कुणी बोलावलं तरी उठेना. साडेबाराला तिनं हात वर केला. सगळे गप्प झाले. गाडीतल्या बायकासुद्धा.

"वरडायलंय," ती म्हणाली.

"पंखा असंल आत्या."

"मला पंखा सांगू नको. कवचातून वरडायलंय."

राजेश्रीनं कान लावला. मग आबासाहेबानं टोपी काढून कान लावला. आत कुठंतरी, खूप खोल, नखानं काच खरवडावी एवढासा आवाज होता. मग दुसरीकडून त्याला जबाब आला. मग तिसरीकडून.

एक वाजता पहिल्या अंड्याला बारीक चीर गेली. सव्वाला चिरेतून चोचीचं टोक आलं. कुसुमबाई आली, तिच्यामागं आळीतली सविता आली, पंडित गुरुजी आले, गाडीतल्या दोघी उतरून आल्या, आणि त्या एवढ्याशा खोलीत दहाबारा माणसं एका काचेला नाक लावून उभी राहिली. अंडं डुललं. थांबलं. परत डुललं. कवचाची टोपी उडाली आणि ओल्या चिंधीसारखं एक पिलू जाळीवर पडलं, मान टाकून. पिलानं मान उचलली, पडली, उचलली.

आबासाहेब "एक" म्हणाला. आणि मग तोच मोजायला बसला. टोळीची माणसं मोजतो तसं, बोट दाखवून. दोन. तीन. पाच झाली. ती मधल्या ओळीतली चिरली बघा. आठ. त्याला चारचं भान राहिलं नाही. गाडीच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तर त्यानं आतूनच गप बस म्हणून सांगितलं. राजेश्री बल्ब लावत होती, खोक्यात भुसा पसरत होती, पाण्यात गूळ विरघळवत होती आणि मधेच उगाच सगळ्यांना सांगत होती, झाकण उघडायचं न्हाई अजून, वाळू द्या त्यांना. माऊलीचा फोन आला तर तिनं तो नुसता मशीनपाशी धरला. पलीकडं माऊली ऐकत राहिला.

चार वाजता सव्वीस होती, आणि आणखी तितक्याच अंड्यांना चिरा.

आबासाहेबानं टोपी डोक्यावर ठेवली. "बसली म्हणायची खेप," तो म्हणाला. मग जरा अवघडून, "पर तिकडं मानूस न्हाई, ते न्हाईच की."

राजेश्रीनं भुशातले हात तसेच ठेवून उंबऱ्याकडं पाहिलं.

धुरपदाबाई उठली. तिनं उंबऱ्याशी जाऊन सुनेची पेटी उघडली, वरची दोन लुगडी आणि वाकळ तेवढी ठेवली, बाकीचे राजेश्रीचे कपडे काढून खाटेवर नीट रचले, आणि त्या जागी आपला एक पातळ-चोळीचा जोड आणि गुडघ्याला लावायचं तेल ठेवलं.

"आत्या, तुमचे गुडगे," राजेश्री म्हणाली.

"गुडगे माजे हायत. ते बगते मी."

"मोळ्या बांधायच्या, उचलायच्या. तुमाला हुणार न्हाई."

"हे बग." धुरपदाबाईनं पेटीची कडी लावली. "कोणती बॅटरी बंद करायची ते मला कळंना. आनखी एक खेप मी बुडवीन. ऊस कुठून तोडायचा ते मला झोपेत बी कळतंय. ज्याला जे कळतंय त्यानं तिथं जावं."

आबासाहेबानं एकदा म्हातारीच्या पायांकडं पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. पेटी त्यानं स्वतः उचलली.

खोलीत सत्ताविसावं फुटत होतं. सगळ्या बायका तिकडं वळल्या आणि राजेश्रीलाही वळावं लागलं, कारण कवच पिलाच्या पाठीला चिकटलं होतं. धुरपदाबाई तेवढ्यात फाटकापर्यंत पोचली होती. पिकअपचं फळकुट उंच होतं. गाडीतल्या म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तिनं आधी पदर खोचला, उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून फळकुटावर ठेवला, आणि मग त्याचा हात धरून वर चढली.

लग्नानंतर सोळाव्या दिवशी राजेश्रीच्या हातात पहिला कोयता दिला तो धुरपदाबाईनं. राजेश्रीला तेव्हा सतरावं चालू होतं. आज धुरपदाबाईनं तो परत घेतला.